मेलेल्याला हात लावायचा असतो

आमच्या पर्किस बिल्डिंगमध्ये कुणी मरत नाही, अशी तिची ख्याती होती. हसू नका. वर्षातून एकदोनदा उंच टोप्यांतले साहेब आणि त्यांच्या बायका बिल्डिंग बघायला यायच्या. आमचा सुपरिटेंडंट, सार्जंट ब्लिक, छाती पुढे काढून त्यांना सांगायचा की बाहेर बर्मंडसीच्या गल्ल्यांत माणसं पटापट मरतात, पण या पाच मजल्यांत मरणाचं प्रमाण अख्ख्या लंडनात सगळ्यांत कमी. साहेब माना डोलवायचे. बायका मोरीतला नळ सोडून बघायच्या, आणि पाणी आलं की इतक्या खूश व्हायच्या की जणू त्यांनीच ते डोक्यावरून आणलं होतं.

मी एकदा बादली घेऊन जिन्यात उभी होते. म्हटलं, "सार्जंट, मरायला टेकलेल्याला तुम्ही गाडीत घालून बाहेर पाठवता. मग इथे मरणार कोण, तुमची मांजर?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर बादली टाकून पळाली असती. पण खोटं कशाला बोलू? बिल्डिंग चांगली होती. माझी पहिली दोन पोरं मागच्या गल्लीतल्या तळघरात गेली. तिथे भिंतीला हात टेकला तर हात ओला व्हायचा. पर्किसमध्ये आल्यावर झालेली पोरं वाचली, मोठी झाली, आपापल्या वाटेला लागली. तेव्हा नळाला मी नावं ठेवणार नाही. मी नावं ठेवते ती गाडीला.

ती गाडी म्हणजे तापाच्या हॉस्पिटलची घोडागाडी. देवी, लाल पुरळाचा ताप, घटसर्प, काहीही झालं आणि डॉक्टरला कळलं, की डॉक्टर सार्जंटला सांगणार, सार्जंट गाडी बोलावणार, आणि नर्स पोराला लाल घोंगडीत गुंडाळून घेऊन जाणार. आईला बरोबर जाता यायचं नाही. काही पोरं परत यायची, डोक्यावरचे केस कापलेली, खा खा सुटलेली. काही यायची नाहीत. त्यांची पेटी खिळे ठोकून परस्पर दफनभूमीत जायची, घरी यायची नाही. आमच्या जिन्यावरच्या बायकांना मरणाची सवय होती, पण त्या खिळ्यांचं नाव काढलं की तोंडं उतरायची.

असं का, ते कळायला केझाया पमरी माहीत असायला हवी. आणि नाहीतरी मी तिच्याबद्दलच सांगायला बसले आहे.

केझाया माझ्या समोरच्या खोलीत राहायची, तिसऱ्या मजल्यावर. तिचं दार आणि माझं दार, मध्ये फक्त मोरी. धिप्पाड बाई. हात पुरुषासारखे, आवाज त्याहून मोठा. आमच्या जिन्यावर पोर जन्माला यायचं ते तिच्या हातात, आणि माणूस गेला की त्याला धुवून, नीटनेटका करून ठेवायचे तेही तिचेच हात. डोळ्यांवर तांब्याची नाणी, हनुवटीला फडकं, छातीवर मिठाची बशी. झालर लावलेली एक पांढरी चादर आणि तसाच उशीचा अभ्रा तिने जपून ठेवला होता. ज्याच्या घरी मयत त्याच्या घरी ती चादर जायची, आणि उकळून, धुवून परत यायची. तिच्यावर झोपवलं की चिंध्यांत जन्म काढलेला माणूससुद्धा घरंदाज दिसायचा.

आणि मग केझाया जिन्यावरच्या सगळ्या पोरांना हाका मारायची. मयताला हात लावायला.

हे आमच्याकडे सगळेच करतात, पण तिच्यासारखं कुणी करत नसे. मेलेल्याच्या कपाळाला हात लावला की तो स्वप्नात येत नाही, जिन्यात आडवा येत नाही, त्याला त्याची वाट सापडते. हात लावायचा राहिला तर तो येत राहतो. पोर लहान असलं तर केझाया त्याला कडेवर घेऊन वाकायची. जवळचं नातं असेल, दोस्ती असेल, तर ओठ टेकायला लावायची. "घाबरतोस काय रे शेंबड्या? जिवंत होता तेव्हा याच्याकडे साखर मागायला बरा जायचास!" पोरं फिस्सकन हसायची, हात लावायची, आणि मोकळी व्हायची.

मी असलं काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. केझायाला तोंडावर सांगायची, "मेला तो सुटला. त्याला परत हे जिने चढायची हौस कशाला असेल?"

ती म्हणायची, "तुझा कुणी हात न लावता गेला नाही ना, डॉर्कस, म्हणून बोलतेस."

तिचा गेला होता. नवरा, सायलस. नदीवर मालाचे पडाव चालवायचा. एका धुक्यात पडाव उलटला आणि नदीने सायलसला परत दिलंच नाही. केझाया सांगायची की तेव्हापासून तो येतो. दिवेलागणीला, जिन्यातला गॅस अजून पेटवलेला नसतो तेव्हा, मोरीपाशी पाठमोरा उभा राहतो. बोलत नाही. "एकदा तरी वळून बघ म्हटलं मेल्याला," ती म्हणायची, "तर छे! जिवंतपणी घुम्या, मेल्यावरही घुम्याच." मी हसायचे. पण धुक्याच्या दिवसांत संध्याकाळी मोरीवर जायची पाळी आली की मी आधी दारातच जरा मोठ्याने खोकायचे, हेही खरं.

तिची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, आईच्याच हातांवर. मागे राहिली ती फीबी. मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय तेव्हा फीबी सहासात वर्षांची असेल. किडकिडीत, नाक सदा गळकं, आणि तोंड? देवा रे! सकाळी वरून उतरायला लागली की तळमजला येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. माझा नवरा ॲमस चामड्याच्या कारखान्यात. त्याच्या अंगाला वास यायचा. ही कार्टी त्याच्यासमोर नाक धरून विचारायची, "मिस्टर टिबेट, आज गाय तुम्ही आणलीत की गायीने तुम्हाला?" आणि तो पोट धरून हसायचा. माझ्या बोलण्यावर मेला उभ्या जन्मात हसला नाही.

मयताच्या वेळी फीबी आजीच्या पुढे. बाकीची पोरं दारात अडखळली की ही आत शिरून त्यांना दाखवायची, "हे बघा, दोन बोटं अशी ठेवायची. गार असतं, पण चावत नाही." केझाया तोंड फिरवून हसू दाबायची. तिचा जीव होता त्या पोरीत. नवरा नदीत, मुलगी मातीत. ही एक पोर हाती लागली होती, आणि तिला मोठी झालेली बघायची, एवढंच त्या बाईचं मागणं राहिलं होतं.

त्या नोव्हेंबरात चौथ्या मजल्यावरच्या मिसेस गॅरडचा विल्फी आजारी पडला. ती खाली आली तेव्हा मी केझायाकडे चहा पीत बसले होते.

"डॉक्टरला बोलावू का हो, मिसेस पमरी?" ती एप्रनला हात पुसत म्हणाली. "घशात पांढरं पांढरं दिसतंय."

"बोलाव ना," केझाया म्हणाली. "तो येईल, बघेल, सार्जंटला सांगेल. मग गाडी येईल. मग तू बस खिडकीत."

"पण पोराला काही झालं तर?"

"व्हायचंच असलं तर तुझ्या मांडीवर होऊ दे. परक्यांत नको." केझाया उठलीच. "चल, किटली चढव. वाफ देऊ. मी गंधक फुंकते त्याच्या घशात."

मीही मान डोलावली. त्या जिन्यावर कुणीही डोलावली असती. सार्जंटपासून आजार लपवायचा, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तो जिना तपासायला निघाला की खालच्या मजल्यावरची बाई बादली आपटायची. आवाज ऐकला की वर मिसेस गॅरड विल्फीवर पांघरूण ओढून पुढ्यात शिवण घेऊन बसायची. सार्जंट डोकवायचा, "सगळं ठीक?" विचारायचा, आणि ती म्हणायची, "ठीक, सार्जंट." आणि पांघरुणाखाली ते लेकरू श्वास दाबून पडलेलं असायचं.

केझायाने रात्रीचा दिवस केला. पण विल्फी गेला. त्याचा शेवटचा श्वास ओल्या लाकडात करवत अडकावी तसा होता, आणि तो खालपर्यंत ऐकू येत होता. एकदाचा थांबला तेव्हा मला आधी बरंच वाटलं. काय करणार, कानांना नाही ऐकवत.

आता डॉक्टर लागणारच होता, कारण त्याच्या कागदाशिवाय दफन होत नाही. पण तो येईपर्यंत केझायाने आपलं काम उरकलं होतं. विल्फीला धुतलं, झालरीच्या चादरीवर ठेवलं, त्याच्या खोलीची खिडकी उघडली, जिन्यावरच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढायला लावले. शाळा सुटली तशी पोरांना वर बोलावलं. विल्फी सगळ्यांचा दोस्त. रांग लागली. फीबी सर्वांत पुढे, आणि विल्फी तिचा खास म्हणून तिने नुसती बोटं लावली नाहीत, वाकून ओठ टेकले. ते बघून प्रिचेटांच्या दोघी मुलींनीही टेकले.

डॉक्टर मॅकइंडो म्हणून एक तरुण स्कॉटिश पोरगा होता. तो दारात आला आणि ती रांग बघून तिथेच थबकला. "बाहेर," तो म्हणाला. ओरडला नाही. "सगळे बाहेर. हात धुवा, तोंड धुवा. देवासाठी धुवा."

पोरं मोरीवर गेली, एकमेकांवर पाणी उडवत हात धुतले.

आधी प्रिचेटांची धाकटी पडली. मग थोरली. मग तळमजल्यावरच्या दोघा भावांतला एक. गाडी येत होती, जात होती. कोचवानाला आमच्या गेटपाशी घोडा कुठे उभा करायचा ते पाठ झालं होतं. रिकाम्या झालेल्या खोल्यांत माणसं गंधक जाळायची, आणि त्या वासाने सगळा जिना खोकायचा. प्रिचेटांच्या दोघी तिकडेच गेल्या. खिळे ठोकलेल्या दोन पेट्या, एकाच दुपारी.

डॉक्टर केझायाकडे आला तो त्याच दिवशी. मोरीपाशी उभा राहून बोलला, मी दारात होते.

"मिसेस पमरी, घटसर्प माणसाबरोबर मरत नाही. त्याच्या ओठांवर राहतो. तुम्ही केलंत ते मायेनं केलंत, ते मला कळतं. पण पुन्हा करू नका."

"म्हणजे त्या पोरींनी विल्फीच्या ओठांवरून घेतला?"

"बहुतेक."

"'बहुतेक' की 'हो'?"

त्याने टोपी हातात फिरवली. "हो," तो म्हणाला.

देवदूतालाही उलट बोलली असती अशी केझाया आत गेली, ती झालरीची चादर आणि अभ्रा काढला, आणि चुलीत घातला. चादर मोठी, चूल लहान. तिने ती चिमट्याने ढकलत ढकलत, तासभर बसून जाळली.

दुसऱ्या दिवशी मिसेस प्रिचेट खाली आली. मवाळ बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने केझायाच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "माझ्या पोरींना कुणी बोलावलं तिथे? ओठ टेकायला कुणी शिकवलं? बोल ना आता, एरवी अख्ख्या जिन्याला ऐकू जातं तुझं! माझ्या दोघी गेल्या, आणि तुझी ती नाचतेय अजून जिन्यावर!" केझाया दार उघडून समोर उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं. मिसेस प्रिचेटचा दम संपला तेव्हा तिने तिला धरायला हात पुढे केले, आणि मग ते हात बघून स्वतःच मागे घेतले.

आणि त्याच आठवड्यात फीबी एका सकाळी जिना गप्प उतरली.

मी मोरीवर भांडं घासत होते. ती माझ्या शेजारून गेली, एक शब्द नाही. मी भांडं तसंच टाकून तिला दंडाला धरून वर आणली. केझायाने तिला खिडकीपाशी नेलं, चमच्याने जीभ दाबली, आणि बघितलं. मग चमचा माझ्या हातात दिला.

"तू बघ. मला आज नीट दिसत नाहीये."

तिला घारीसारखं दिसायचं. तिला फक्त मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी बघितलं. दोन्ही बाजूंना राखाडी साय धरल्यासारखी.

"आहे," मी म्हटलं.

केझाया खाली बसली. फीबी तिच्या मांडीला टेकून उभी, डोळे तापाने चकाकत होते. मी दार लावून घेतलं. "ऐक माझं. कुणाला कळणार नाही. सार्जंट आला की मी बादली आपटेन. अगं, जिन्यावरची अर्धी पोरं गेलीच आहेत."

"अर्धी आहेत अजून."

"आहेत तर असू देत! त्यांच्या आया बघतील त्यांचं!"

"इथे ठेवली तर हिला कोण बघणार? मीच ना? विल्फीला मीच बघितलं. मला येतं ते सगळं केलं, एक बाकी ठेवलं नाही." तिचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता. "तिकडे गळ्यात नळी घालतात श्वासासाठी. डॉक्टर म्हणाला, त्याने कधीकधी वाचतात."

"आणि नाही वाचली तर? खिळे, केझाया! बोटसुद्धा लावू देणार नाहीत तुला."

ती फीबीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाही लावू देणार. मग येईल ती परत, सायलस येतो तशी. वाचली तर जिना चढून येईल, नाही वाचली तरी जिना चढून येईल. माझ्याकडेच येईल ना?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ती स्वतः खाली गेली आणि सार्जंट ब्लिकचं दार वाजवलं. आमच्या जिन्यावर हे आधी कुणी केलं नव्हतं. सार्जंटने म्हणे टोपी काढून हातात घेतली आणि ती जाईपर्यंत परत घातली नाही.

गाडी आली. लाल घोंगडीत फीबीचं तोंड तेवढं दिसत होतं, आणि ती काहीतरी बोलायला बघत होती. नर्स म्हणाली, "बोलू नको, बाळ, घसा जपून ठेव." केझाया त्यांच्या मागून जिना उतरली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, चोराला नेतात तशी. सगळी दारं किलकिली, बाहेर कुणी नाही. एकटी मिसेस प्रिचेट गेटपाशी येऊन उभी होती. नर्सचे हात अडकलेले बघून तिने पुढे होऊन गाडीचं दार धरलं. केझायाकडे बघितलं नाही. दार लावलं आणि वर निघून गेली.

फीबी वाचली नाही. नळी घातली होती म्हणे. सार्जंट तिन्ही जिने चढून सांगायला आला. सांगून झाल्यावर काय करावं ते न कळून त्याने मोरीचा नळ घट्ट बंद केला आणि गेला.

दफनाला मी आणि ॲमस बरोबर गेलो. धुकं इतकं की खड्डा जवळ गेल्यावरच दिसला. दोर सोडणारा माणूस भला होता. म्हणाला, "उघडता येत नाही, बाई. पण पेटीला हात लावायचा तर लावा." केझायाने दोन्ही हात शालीखाली, काखेत घट्ट दाबले आणि मान हलवली. ॲमसला वाटलं, बाई दगड झाली. घरी येताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "पेटीला लावलेला हातही तिला लावलेलाच धरला गेला असता चुकून. मग यायची नाही ती."

त्या संध्याकाळपासून तिचं दार उघडं राहू लागलं. दिवेलागणीला खुर्ची दाराकडे तोंड करून मांडायची आणि बसायची. बाळंतपणं सोडली, मयतं सोडली. मी मोरीवर गेले की विचारायची, "ऐकलंस काही?"

मी नाही ऐकलं कधी. पण बाकी जिना ऐकत होता! मिसेस गॅरड म्हणाली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी उड्या मारत गेलं. गॅस पेटवणारा म्हणाला, त्याच्या मागे कुणी बोलत बोलत उतरलं, वळून बघतो तर कुणी नाही. तळमजल्याच्या बाईने तर शपथेवर सांगितलं की कोणीतरी नाक ओढलं. खुद्द सार्जंट एका संध्याकाळी "पोरी, जिन्यात दंगा नको!" असं रिकाम्या जिन्यावर ओरडला आणि मग स्वतःच पांढराफटक पडून आत गेला. हे सगळं केझायाच्या कानावर जायचं. ती ज्याला त्याला गाठून विचारायची. कुठल्या पायरीवर? वर येत होती की खाली जात होती? हसली का? आणि तिला स्वतःला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिच्या मजल्यावर कुणी पोचतच नव्हतं.

"सायलसही येईनासा झालाय," ती मला एकदा म्हणाली. "मोरी नुसती मोरी दिसते."

माझ्याने बघवेना. गच्चीवरच्या धुण्याच्या खोलीत आमच्या मजल्याचा दिवस एकच असायचा. वाफेत केझाया चादर पिळत होती. हात पुरते वाळले होते, पीळ बसत नव्हता. मी म्हटलं, "काल मी ऐकलं, केझाया."

तिने पिळणं थांबवलं. "काय?"

"पावलं. आपल्या मजल्यावर आली. तुझ्या दाराशी थांबली."

"तू? तू मानत नाहीस."

"म्हणून तर सांगतेय. मला कशाला भास होईल?"

"कशी होती पावलं?"

"हळू. एकेक पायरी. टक, टक. बूट होते पायात."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्यात. "तिचे बूट माझ्या खाटेखाली आहेत, डॉर्कस," ती म्हणाली. "घोंगडीतून नेली ना. अनवाणी गेली पोर." आणि मग चादरीचं टोक माझ्याकडे केलं. "धर. तिकडून पीळ."

त्या संध्याकाळी तिने ते बूट बाहेर आणून दाराशी ठेवले. नाड्या सैल करून, पाय सरळ आत जाईल असे. त्यानंतर रोज दिवेलागणीला बाहेर, सकाळी आत. आमच्या जिन्यावर कोळशाचा खडा ठेवला तरी घटकाभरात नाहीसा व्हायचा. पण ते बूट कुणी हलवले नाहीत. बादली दिसली तर दंड करणारा सार्जंट त्यांना वळसा घालून जायचा.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्यात एकदा सकाळी मी मोरीवर गेले. दार उघडं होतं, बाहेर बूट नव्हते. वाटलं, आत घेतले असतील. पण किटलीचा आवाज नाही, खोकला नाही. आत गेले. केझाया खुर्चीत, तोंड दाराकडे, अंग थंडगार. मॅकइंडो आला, म्हणाला, हृदय बंद पडलं, काल संध्याकाळीच गेली असणार, काळोख पडता पडता.

पण आदल्या रात्री ॲमस कामावरून उशिरा आला तेव्हा बूट दारातच होते. त्याचा पाय लागला आणि त्याने ते परत सरळ ठेवले, असं तोच सांगतो.

मला ते तिच्याबरोबर पेटीत ठेवायचे होते. खाटेखाली बघितलं, कपाटात बघितलं, कोळशाच्या पेटीत हात घालून बघितलं. नव्हते. वर मिसेस प्रिचेटला हाक मारली, कारण एकटीने त्या बाईला उचलणं मला झेपलं नसतं. ती आली, बाह्या सारल्या, आणि मी काही विचारायच्या आत पाणी गरम करायला ठेवलं. आम्ही दोघींनी केझायाला धुतलं, केस विंचरले, हनुवटीला फडकं बांधलं.

"बूट कुठे गेले?" तिने विचारलं.

"चोरले असतील कुणी," मी म्हटलं. "चांगले होते. गहाणाच्या दुकानात हातोहात जातात."

"हो, चोरलेच असतील," ती म्हणाली.

मग ती दाराशी गेली, जिन्यात वर-खाली बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दार लावून घेऊ?"

मी म्हटलं, "लाव आता."